पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर नाही, मग एआय चालेल का?

तुरीचं_शेत (धागाकर्ता)

टीबीची तपासणी मोहीम गावोगाव फिरून राहिली आहे. आमच्याकडे (यवतमाळ जिल्हा) हातात धरायचं एक्स-रे मशीन घेऊन गाडी आली. समाजमंदिरात एकेकाला उभं केलं, फोटो काढला, आणि काही मिनिटांत लॅपटॉपवर छाती दिसायला लागली. तिच्यावर लाल-पिवळा डाग आणि कोपऱ्यात एक आकडा. टेक्निशियन होता, आशाताई होत्या, डॉक्टर नव्हता. आकडा एआयनं दिलेला.

ज्यांचा आकडा जास्त आला त्यांना थुंकीसाठी डबी दिली. झालं एवढंच. पण संध्याकाळपर्यंत गावभर 'मशीननं टीबी काढला' आणि आमच्या मोठेबाबांचा चहाचा कप टपरीवाल्यानं वेगळा ठेवला. आता ते थुंकी द्यायलाच तयार नाहीत. "मशीननं सांगितलं नं, मंग आता काय तपासता?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही.

दुसरीकडे गावातली पोट्टी दवाखान्याचा कागद मोबाईलमध्ये टाकून चॅटबॉटला विचारतात. उत्तर डॉक्टरपेक्षा सविस्तर येतं, हे कबूल करावं लागेल. सगळीकडे वाचतो की एआय डॉक्टरची जागा घेणार नाही, डॉक्टरच्या सोबतीनं काम करेल. ठीक आहे. पण जिथं डॉक्टरच नाही तिथं त्यानं सोबत कोणाची करायची? जाणकारांनी लिहावं.

काळी_फिल्म

मी रेडिओलॉजिस्ट, नागपूर. आधी मोठेबाबांचं बघू.

तो आकडा म्हणजे निदान नाही. ज्या फोटोंवर सॉफ्टवेअर शिकलं, त्यातल्या टीबीच्या फोटोंशी ही छाती किती जुळते, एवढंच तो सांगतो. कितीच्या वर गेला की थुंकी मागायची ही रेषा मशीन आखत नाही, मोहीम चालवणारी माणसं आखतात. रेषा खाली ओढली तर टीबी नसलेले पुष्कळ लोक डबी घेऊन बसतात आणि तपासणीचा खर्च वाढतो. वर ओढली तर खरे पेशंट निसटतात. मोठेबाबांना पूर्वी कधी टीबी होऊन गेला असेल तर फुप्फुसावर वण राहतो, आणि मशीन त्या जुन्या वणालाही डाग लावतं. निदान थुंकीच्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीनं होतं. टीबी निघाला तर औषध कोणतं लागू पडेल याचा अंदाजही तिथंच येतो, एक्स-रेत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली, ती १५ वर्षांवरच्या माणसांसाठी आणि फक्त चाळणीसाठी. लहान मुलांच्या छातीवर ते चालवायचं नाही. कोणी चालवत असेल तर तिथंच टोका.

आता दुसरी बाजू, कारण माझ्या धंद्यातले लोक ही लिहीत नाहीत. चाळणीच्या कामात ही सॉफ्टवेअरं चांगली आहेत. दिवसाच्या शेवटी, डोळे जड झालेले असताना शेकडो फिल्म पाहणाऱ्या माझ्यासारख्या माणसापेक्षा ती जास्त सातत्यानं वाचतात. २०१६ साली एआयचे एक जनक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा, पाच वर्षांत मशीन पुढं जाईल. आमच्याकडे अजून सोनोग्राफीला तारीख मिळत नाही.

संत्रागल्ली

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर वरुडला. चर्चा टीबीवरच अडकू नये म्हणून डोळ्यांचं लिहितो.

शुगरवाल्या माणसाचा डोळ्याचा पडदा वर्षानुवर्षं खराब होत राहतो, दुखत काहीच नाही. दिसायचं कमी झालं म्हणून तो डॉक्टरकडे जातो तोपर्यंत बरंचसं गेलेलं असतं. वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढून वाचला तर हे टळतं, पण वाचणारा आणायचा कुठून? या कामासाठी एआय शिकवलं गेलं त्यात आपल्याच देशातले फोटो होते. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय त्या कामात होतं, निबंध २०१६ चा. २०१८ मध्ये अमेरिकेनं असं एक यंत्र डॉक्टरशिवाय निकाल द्यायला मंजूर केलं. निकाल दोनच: नेत्रतज्ज्ञाकडे जा, किंवा वर्षभरानं पुन्हा ये. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक कॅमेरा ठेवायला काय हरकत आहे? आपल्याकडे काहीही नवीन आलं की आधी शंभर शंका काढायच्या.

तापाची_गोळी

मी गडचिरोलीत पीएचसीला आहे. शंभर नाही, एकच शंका काढतो.

तेच डोळ्याचं तंत्र थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत नेलं तेव्हाचा अभ्यास २०२० साली छापून आला. पाचातला एक फोटो मशीननं 'वाचता येत नाही' म्हणून परत केला. प्रयोगशाळेत फोटो अंधाऱ्या खोलीत काढलेले, बहुतेक दवाखान्यांत तशी खोली नव्हती. नेट संथ, म्हणून रांग लांबली. आणि ज्यांचा फोटो नापास झाला त्यांना सांगावं लागलं की लांबच्या इस्पितळात जाऊन दाखवा. आमच्याकडून पेशंटला नेत्रतज्ज्ञाकडे धाडायचं म्हणजे त्याची आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडाली, वर गाडीभाडं. एकदा गेला आणि तिकडे म्हणाले 'डोळा चांगला आहे', की पुढच्या वेळी खरंच खराब असला तरी जाणार नाही.

कॅमेरा हवाच. पण कॅमेऱ्यासोबत अंधारी खोली, बॅटरी, आणि पाठवलेल्या पेशंटच्या डोळ्यावर लेसरचा उपचार कोण व कधी करणार हेही ठरलेलं हवं. खरेदीत पहिली वस्तू येते, बाकीच्यांची फाईल फिरत राहते.

आता माझ्या ओपीडीतलं. पावसाळा संपत आला की ताप, डोकं धरलंय, अंग ठणकतंय अशी रांग लागते. मलेरियाची किट निगेटिव्ह, डेंगी निगेटिव्ह, प्लेटलेट उतरलेल्या. हे सगळं चॅटबॉटला टाईप करून दिलं तर तो एक यादी देतो, आणि तीत स्क्रब टायफस असतो. अगदी बरोबर. २०१८ साली नागपूर विभागात त्याचा उद्रेक झाला तेव्हा आपल्यातल्या कित्येक डॉक्टरांच्या डोक्यात हे नाव नव्हतं, म्हणजे यादी देणारा कोणीतरी तेव्हा उपयोगी पडला असता.

पण खूण यादीत नसते, अंगावर असते. गवतातला बारीक माइट चावतो तिथं काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे पेशंटला स्वतःलाच माहीत नसते. ती सापडते काखेत, जांघेत, करदोड्याखाली, लुगडं खोचतात तिथं. बाईची असेल तर सिस्टरला आत बोलवायचं, पडदा ओढायचा, म्हातारी 'ताप डोक्यात आहे नं बाबू, तिकडं काय पाहून राहिला' म्हणत असते, तिला समजवायचं. खपली दिसली की डॉक्सिसायक्लिन सुरू. स्वस्त गोळी. उशीर झाला तर तोच पेशंट व्हेंटिलेटरवर.

चॅटबॉटला 'खपली आहे का' विचारलं तर तो म्हणेल 'असल्यास सांगा'. बघणारा कोण?

संत्रागल्ली

मान्य. पण तुम्हीच लिहिलंत की नाव डोक्यात नव्हतं. ज्या पीएचसीत नवीन एमबीबीएस पोरगा बॉण्डवर आलेला आहे, त्याला 'काख बघ, जांघ बघ' अशी आठवण स्क्रीननं दिली तर तो बघेल की नाही?

तापाची_गोळी

बघेल. आणि मला असाच एआय हवा आहे. निकाल देणारा नको, आठवण देणारा हवा. फक्त तो पाचव्या पोर्टलवर नको. आत्ताच एका पेशंटमागे इतक्या ठिकाणी नोंद करावी लागते की मान वर करून तोंड बघायला वेळ राहत नाही. नोंदी त्यानं कराव्यात, मी पेशंट बघतो. असं काही निघालं तर स्वतःच्या पगारातून घेईन.

जुना_कंपाउंडर

वाचून राहिलो. एआयवाले आणि डॉक्टर आपसात भांडतात, पण गावात एआय आलंही. आणलं कोणी? झोलाछाप डॉक्टरनं. आमच्या भागातले असे 'डॉक्टर' आधी सलाईन आणि डेक्साचं (स्टेरॉइडचं) इंजेक्शन यावर संसार चालवत. आता मोबाईलला विचारून सांगतात की तुझं क्रिएटिनिन वाढलं आहे. भाषा एमडीची, हातात तीच डेक्साची बाटली.

काळी_फिल्म

कंपाउंडर काका, यातला एक चांगला भाग: तोच मोबाईल कधीकधी त्याला 'ताबडतोब रुग्णालयात न्या' असंही सांगतो.

जुना_कंपाउंडर

सांगतो नं. पण सलाईन लावल्यावर विचारते बाप्पा हा.

गटप्रवर्तक_ताई

आशांची गटप्रवर्तक म्हणून काम करते, म्हणून थोडं मोठं लिहिते.

अशिक्षित बाईच्या हातात निदानाचं साधन द्यायचं हा विचार आपल्याकडे एआयच्या फार आधीचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाईंसाठी श्वास मोजायचं साधन केलं. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे श्वासाच्या वेगावरून कळतं: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईनं काय करायचं? म्हणून एका मिनिटाची वाळू आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. पुढं त्यांच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

ते चाललं कशामुळं, हे बघा. लाल मणी सरकला की बाईच्या पिशवीत औषध होतं, आणि ते द्यायची तिला परवानगी होती. तिला शिकवलं होतं, आणि तिच्या पाठीशी कोणी तरी उभं होतं. आज माझ्या आशांच्या मोबाईलमध्ये अॅप 'हाय रिस्क' असं लाल अक्षरात दाखवतं. मग? गाडी तिनं शोधायची, नवऱ्याला तिनं समजवायचं, तिकडे खाट नसेल तर शिव्या तिनं खायच्या. आणि अॅपनं हिरवं दाखवलं आणि बाळ दगावलं तर गावातले लोक कॉम्प्युटरला जाब विचारत नाहीत, तिच्या दारात येतात.

तुरीचं_शेत भाऊ, तुमच्या मोठेबाबांकडे टेक्निशियनला पाठवू नका. आशाला पाठवा, तीही चार लोकांसमोर नाही. जमलं तर टपरीवाल्यालाही सांगा की निदान झालेलंच नाही.

मेळघाटी

धारणीकडे शिक्षक आहे. एक भाषेचं. मराठीत, हिंदीत बोललेलं मोबाईल आता बरंच पकडतो. कोरकू पकडत नाही, तिकडे गोंडी-माडियाचंही तेच असणार. सॉफ्टवेअर शिकतं लिहिलेल्या आणि रेकॉर्ड केलेल्या मजकुरावर, आणि या भाषांत तो फार थोडा. त्यामुळे ज्यांना डॉक्टर सगळ्यात लांब, त्यांच्याशीच मशीन सगळ्यात कमी बोलतं.

आमच्याकडे अजून पोट फुगलेल्या बाळाला डंबा देतात, म्हणजे तापलेल्या विळ्यानं पोटावर डाग. लोक आधी भूमकाकडे (गावच्या वैदूकडे) का जातात? तो जवळ असतो, आपल्या भाषेत बोलतो, बसवून ऐकतो. संत्रागल्ली, तुमचं मशीन भूमकाच्या जागी येऊन बसणार असेल तर त्यानं काय काय शिकायला हवं ते बघा. नुसतं वैद्यक पुरायचं नाही.

तुरीचं_शेत (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, उत्तरं मिळून राहिली. ताईंचा सल्ला घरी वाचून दाखवला.

एक आमच्या जिल्ह्याचा प्रश्न. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना यवतमाळात विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तेव्हा ऐकलं होतं की कोणतं विष आहे हेच कळत नव्हतं. डब्याचा फोटो टाकला तर एआय विष ओळखेल का?

तापाची_गोळी

हा प्रश्न खूप चांगला आहे, आणि इथं माझं मत संत्रागल्लीच्या बाजूनं.

सेंद्रिय फॉस्फरसचं कीटकनाशक असेल तर बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, दरदरून घाम येतो. त्यावर अॅट्रोपिन, आणि ऑक्सिजनही लागतो. पण शेतात एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळतात आणि सगळ्यांवर अॅट्रोपिन हा उतारा नसतो. सवयीनं देत राहिलं तर त्याचाच त्रास सुरू होतो. पॅराक्वाट हे तणनाशक तर उलट्या तऱ्हेचं. त्याला उतारा नाही, आणि गरज नसताना ऑक्सिजन दिला तर फुप्फुस अधिक जळतं. म्हणजे एकाला जे द्यायचं ते दुसऱ्याला टाळायचं, आणि दोन्ही पेशंट कपाशीच्याच शेतातून, तशाच गडबडीत आलेले.

डब्यावरची अक्षरं इतकी बारीक की रात्री टॉर्च धरूनही वाचता येत नाहीत. तिथं फोटोवरून घटक वाचून, हे या गटातलं आहे, हे द्या, हे टाळा असं सांगणारं साधन मला उद्या हवं आहे. निकाल तपासून घ्यायला वरच्या डॉक्टरला फोन करेन, पण सुरुवात तर होईल. अडचण एकच. येताना पेशंटसोबत डबा नसतो. विचारलं तर 'ते निळ्या झाकणाचं' सांगतात.

अवांतर: फवारणी करताना सगळ्या डब्यांचे फोटो आधीच मोबाईलमध्ये काढून ठेवा. याला एआय लागत नाही.

विदर्भकन्या

आतापर्यंत नुसतं वाचत होते. एक भीती कोणी लिहिली नाही. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आपल्या पूर्व विदर्भात तर घराघरात तपासणी. मशीननं रक्ताचे नमुने वाचले तर काम वेगानं होईल, चांगलंच आहे. पण ही माहिती जाते कुठं? तपासणीच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरताना मी पाहिल्या आहेत. मुलगी नुसती वाहक आहे, आजारी नाही, तरी सोयरीक मोडते. मुलगा वाहक असला तर कोणी बोलत नाही, हे वेगळंच.

माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. गावात ज्याचं बोट घेऊन मोबाईलवर 'सहमत' दाबलं जातं, त्याला कोणी वाचून दाखवतं का कशाला सहमत?

काळी_फिल्म

योग्य मुद्दा. जबाबदारीबद्दल एक जोडतो: आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२३ मध्ये वैद्यकातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. माणसाचं नियंत्रण, पेशंटची संमती, माहितीची गुप्तता, सगळं त्यात आहे. पण व्यवहारात रिपोर्टखाली सही माझी असते. मशीनचं ऐकलं आणि चुकलं तर मी, नाही ऐकलं आणि चुकलं तरी मीच.

आणि हाताला सवय लागते ती वेगळी. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना एआयची सोबत दिली. नंतर जिथं एआय नव्हतं अशा तपासण्यांत त्यांना पूर्वी २८ टक्के पेशंटमध्ये सापडणाऱ्या गाठी २२ टक्क्यांतच सापडल्या. अभ्यास २०२५ चा, त्यावर वाद आहेत, पण मी माझ्या ज्युनिअरना आधी स्वतः फिल्म वाचायला लावतो, मग मशीनचा निकाल उघडू देतो.

मात्र स्वीडनचंही सांगायला हवं, नाही तर एकतर्फी होईल. तिथं स्तनांच्या कॅन्सर तपासणीच्या अभ्यासात ८० हजार बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांच्या तपासणीत एआय वापरलं. कॅन्सर कमी सापडले नाहीत, उलट थोडे जास्त सापडले, आणि डॉक्टरांचं फोटो वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. पण घटलं कारण तिथं प्रत्येक फोटो दोन-दोन डॉक्टर वाचत होते. दुसऱ्याचं काम मशीननं उचललं. आपल्याकडे पहिलाच नाही, मशीन उचलणार कोणाचं? स्वीडनचा आकडा दाखवून जिल्ह्यातलं एखादं पद कमी करायला निघाले तर मी या धाग्याची लिंक पाठवीन.

संत्रागल्ली

ठीक. मी बदलून लिहितो. निदान करणारं नको, ताईंच्या मण्यांसारखं काही तरी हवं. एकच प्रश्न, एकच उत्तर, पुढचं काम ठरलेलं, नेट नसताना चालणारं. पुण्यात आम्ही तीन-चार मित्र सुट्टीच्या दिवशी असं काम करायला तयार आहोत. फवारणीच्या डब्याचं आधी घेऊ का? औषधांच्या डब्यांचे फोटो लागतील, भरपूर लागतील. घटकांची यादी आणि उपचार तापाची_गोळी तपासतील, असं गृहीत धरू का?

तापाची_गोळी

धरा. पण मी एकटा नाही, मेडिकल कॉलेजचे विषबाधा बघणारे दोघं-तिघं सोबत घेतो. एकट्या माझ्या सांगण्यावर कोणाला अॅट्रोपिन देऊ नका.

तुरीचं_शेत (धागाकर्ता)

डब्यांचे फोटो माझ्याकडे. कृषी केंद्रवाला मित्र आहे, दुकान बंद झाल्यावर काढू देईल. मिसळून काय काय मारतात तेही लिहून पाठवतो, ते डब्यावर नसते.

गटप्रवर्तक_ताई

आणि आशांच्या मोबाईलमध्ये टाकणार असाल तर आधी मला विचारा. मोबाईलची मेमरी भरलेली आहे. नवीन काही टाकायचं म्हणजे आधीचं एक अॅप काढावं लागेल, आणि कोणतं काढायचं ते तुम्ही मुंबईला विचारून सांगा.